चार नंबरचं घराणं

"सगळे?" मॅडमनी फोनवर विचारलं. मग फोन ठेवला. "मामा, खालच्या तळ्यातले सगळे गेले. चारशेच्या चारशे."

मी हातातली जाळी भिंतीला टेकवली.

या मासे-संशोधनाच्या संस्थेत मला एकतीस वर्षं झाली. ट्राउट माशांच्या टाक्या धुवायच्या, खाणं घालायचं, तासातासाला पाण्याचं तापमान वहीत लिहायचं, एवढंच माझं काम. इथं संशोधन करणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पण पहिल्याच दिवशी स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि सगळं समजावून सांगितलं. इतक्या वर्षांत तसं कोणी केलं नव्हतं. हा मासा थंड पाण्याचा. पाणी तापलं की त्याच्या पेशींतली काही जनुकं जागी होतात आणि आत चाललेली पडझड सावरायला लागतात. "घराला आग लागली की सगळे हातातलं काम टाकून बादल्या घेऊन धावतात ना, तसं," त्या म्हणाल्या. "पण रोजच आग लागली तर घरातलं बाकीचं कोण करणार? मासा खंगत जातो." नद्या तर दर उन्हाळ्याला जास्तच तापू लागल्यात. म्हणून चार घराण्यांचे मासे चार टाक्यांत ठेवायचे, पाणी हळूहळू तापवायचं आणि कल्ल्यांचे तुकडे तपासून कुणाची किती धावपळ होते ते बघायचं. ज्यांची कमी, ते तापल्या नदीत टिकणार.

"घराणी म्हणजे गातात की काय?" मी विचारलं होतं. मॅडम पोट धरून हसल्या होत्या.

गेल्या उन्हाळ्यात चार नंबरची धावपळ झालीच नाही. बाकी तिन्ही टाक्यांत नुसती पळापळ, दोन नंबरमध्ये जरा कमी, आणि हे निवांत. मॅडमनी तीनदा तपासलं, तीनदा तेच. जागा कमी, म्हणून बाकीची तीन घराणी मारून टाकावी लागली. चार नंबरची पिल्लं वाढवली आणि या उन्हाळ्यात खालच्या उघड्या तळ्यात सोडली. पंधरवडाही टिकली नाहीत.

का टिकली नाहीत, ते मला फोन ठेवताक्षणीच कळलं. चार नंबरची टाकी माझ्या टेबलाला लागून. मी जेवायचो तिथंच. पाणी तापलं की ते बिचारे वर येऊन तोंडं उघडायचे, आणि मला घास गिळवायचा नाही. नमुने ठेवायला बर्फाचं यंत्र खोलीतच होतं. रोज दुपारी दोन बादल्या बर्फ मी टाकीच्या एका कोपऱ्यात सोडायचो. तापमापक दुसऱ्या टोकाला, पाणी आत येतं तिथं. तो दाखवेल तेच मी लिहायचो. मासे मात्र झाडून सगळे त्या गार कोपऱ्यात. वहीत एक आकडा खोटा नाही, म्हणून मनाला टोचलंही नाही. दोन बादल्यांनी असं काय होणार होतं?

मॅडम जेवेनात. जुने कागद काढून बसायच्या. "मला हवं तेच मी पाहिलं, मामा," म्हणायच्या. आठवड्यानं कारकुनानं सांगितलं, बाई राजीनामा लिहितायत.

घरी बायको भाजी निवडत बसली होती. तिच्यापुढे सगळं ओकून टाकलं.

"अहो, आणि आठ दिवस मूग गिळून बसलात? माशांची दया आली, त्या पोरीची नाही आली?"

"दोन महिन्यांत निवृत्त व्हायचंय गं."

"मग?"

चांगलं नाव घेऊन घरी यायचं होतं, दुसरं काय.

सकाळी मॅडमपुढे उभा राहून सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती दिवस?"

"अख्खा उन्हाळा."

"तिन्ही तपासण्यांच्या वेळी?"

"हो."

"दोन नंबर कदाचित टिकलं असतं, मामा," त्या हळूच म्हणाल्या. "आता कधीच कळणार नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी राजीनाम्याचा कागद फाडला आणि म्हणाल्या, "चार नंबरचे मोठे साठ उरलेत. त्यांच्यावर पुन्हा करावं लागेल, बर्फाशिवाय. नाहीतर कागदावर खोटंच राहील."

"लिहायला दुसऱ्या कुणाला बसवा, मॅडम."

"तुमच्याइतकं नीट कोणी लिहीत नाही."

टोमणा नव्हता तो. तेच जास्त लागलं.

रोज थोडं थोडं पाणी तापवत गेलो. शेवटच्या दिवशी सव्वीस अंशांच्या वर गेलं. मासा आडवा झाला की वेळ लिहायची, त्याला बाहेर काढायचं, तुकडा घ्यायचा. मी स्टूल टाकीपासून लांब, दाराशी नेऊन ठेवलं आणि मान खाली घालून बसलो. मॅडम टाकीवर वाकून वेळ सांगायच्या, मी लिहायचो. बारा झाले, तेरा झाले. चौदाव्याला माझं अक्षर वाकडं गेलं, पंधरावा लिहिताच येईना.

मॅडम आल्या आणि माझ्या हातातून वही घेतली. डोळे त्यांचेही लाल होते.

"मी लिहिते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघून सांगा."

मी उठलो, टाकीच्या कडेला दोन्ही हात टेकले आणि वाकलो.

"दोन वाजून वीस," मी म्हणालो. थोड्या वेळानं म्हणालो, "अजून एक."