न झालेल्या दुखण्याचं औषध

उत्कर्षाने फ्रिजमधली बाटली उचलून उजेडात धरली. एव्हाना तळाला जायला हवं होतं ते औषध जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेलं होतं.

तिच्या चार वर्षांच्या लेकीची, शेफालीची, लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढायची. सारखा संसर्ग, सारखा ताप. एका मूत्रपिंडावर व्रण पडला होता. आणखी पडले तर ते कायमचं अधू होणार, म्हणून डॉक्टरांनी रोज झोपताना अँटिबायोटिकचा छोटा डोस सांगितला होता. हिंजवडीच्या ऑफिसातून उत्कर्षाची बस मांजरी गावात पोचेपर्यंत पोर झोपलेली असायची. त्यामुळे औषध द्यायचं काम सासूबाईंकडे, सोजरबाईंकडे होतं. गेल्या आठवड्यात शेफाली पुन्हा तापाने फणफणली, तेव्हा "रोजचं औषध चालू आहे ना?" असं डॉक्टरांनी विचारलं आणि उत्कर्षाने छातीठोकपणे हो म्हटलं होतं!

"ताप आल्यावर द्यायला ठेवलंय की," सोजरबाई म्हणाल्या. "चांगल्या खेळत्या पोरीला औषध कशापायी पाजायचं?"

"आमच्यात नाय असलं काय," सासरे हिंदुराव ओसरीवरून बोलले. विषय संपला. त्या घरात त्यांच्यानंतर कुणी बोलत नसे.

उत्कर्षा संतापाने नुसती धुमसत राहिली. पण गप्प बसायचं नाही, हे तिने पक्कं केलं.

रविवारी उसाची लावण होती. बेण्याच्या टिपऱ्या, म्हणजे लावायचे उसाचे तुकडे, बुरशीच्या औषधाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय हिंदुराव सरीत टाकू देत नसत. त्यात गड्यांची तर सोडाच, भावाचीही गय नव्हती. उत्कर्षाने ओढणी खोचली, ढिगातली एक कोरडी टिपरी उचलली आणि सरळ सरीत दाबली.

"अगं, बुडवल्याबिगर लावू नगं!" हिंदुराव ओरडले.

"का मामा? चांगली तर आहे. कुठं रोग झालाय तिला?"

"झाल्यावर काय उपेग? आतनं सडली म्हंजे..."

ते मध्येच थांबले. बांधावर शेफाली मातीची भाकरी थापत होती, अगदी मजेत.

उत्कर्षाने दुसरी कोरडी टिपरी उचलली. तिने नजर खाली वळवली नाही. "हीपण लावू?"

हिंदुरावांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. सरीतली पहिलीही उकरली. दोन्ही पाण्यात बुडवल्या आणि कामाला लागले.

संध्याकाळी जेवणं झाली. सोजरबाई शेफालीचं अंथरूण घालत होत्या.

"पोरीला औषध दिलं का?" ओसरीवरून आवाज आला.

"ताप नाय की तिला."

"म्हनूनच दे," हिंदुराव म्हणाले.