हरणीचा आराम

यादोरावांनी खाटेवरून पाय खाली सोडला आणि चपलांसाठी फरशीवर चाचपून पाहिलं. चपला नव्हत्या. परवा दाराआड होत्या, काल खाटेखाली होत्या, आज पार नाहीशाच झाल्या होत्या. अनवाणीच निघावं म्हणून त्यांनी खाटेवर हात टेकला, तोच स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"कुठं निंगाले?"

"हरणीले पाहाले."

"खाटेवरून दिसते ते."

दिसत होती, यात खोटं काही नव्हतं. अंगणातल्या कडुनिंबाला बांधलेली ती तांबडी घोडी सारखा पुढचा खूर आपटत होती. आपटून आपटून तिनं झाडाखाली खड्डा केला होता. यादोरावांची टाचही दिवसभर खाटेच्या पायावर तशीच आपटत असायची, फक्त खड्डा पडत नव्हता.

धानाच्या कापणीत यादोराव शेतातल्या बांधीतच घामाघूम होऊन कोसळले होते. नागपुरात नेऊन हृदयाच्या नळीत जाळी बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं होतं. कलाबाईंनी मान डोलावली आणि घरी येताच नवऱ्याला खाटेवर बसवलं ते बसवलंच. डॉक्टरचं काय जातं सांगायला! बांधीत आडवा पडलेला माणूस त्याने थोडाच पाहिला होता?

शिवाय कलाबाईंकडे खुद्द यादोरावांचाच दाखला होता. शर्यतीचा पट जवळ आला की जनावर उभं ठेवायचं, खुराक चढवायचा, म्हणजे ताकद साठते, हे त्यांनी जन्मभर सांगितलं होतं. सारं गावही तेच करायचं. शंकरपटात बैलजोड्या सुटून झाल्या की शेवटी घोड्यांची दौड असे. त्या दौडीसाठी भंडाऱ्याच्या एका बँडवाल्याकडून यादोरावांनी हरणी आणली होती. वरातीत नाचणारी घोडी! लोक हसले होते. यादोरावांनी तिचं नाचणं सोडवलं आणि तिला पळायला शिकवलं. यंदा आपण खाटेला खिळलो तरी आपली घोडी मैदानात सुटावी, एवढी एकच गोष्ट त्यांना या हिवाळ्यात हवी होती. म्हणून हरणीला चणे, गूळ आणि अंडी चालू होती. मालकाला साजूक तुपातला शिरा होता.

पटाच्या आदल्या सकाळी त्यांनी मुलाला हाक मारली. हेमराज जवाहरनगरच्या कारखान्यात कामाला होता आणि बसची वेळ व्हायची होती.

"एक मोकळी धाव काढून आन तिची. जोरात सोड."

"इतके दिस बांधून हाये बाबूजी. हळू नेऊ काय?"

"हळू कायले? ताकद साठली हाये तिच्यात."

टापांचा आवाज गल्लीतून तलावाकडे गेला. यादोरावांचं सगळं अंग कान झालं होतं. आवाज वाढला, मग अडखळला, मग थांबला. थोड्या वेळानं हेमराजची हाक आली आणि यादोराव अनवाणीच धावत सुटले. मागून कलाबाई ओरडत आल्या.

हरणी गल्लीच्या टोकाला उभी होती. मागचे पाय काठीसारखे ताठले होते, अंगावरून घाम गळत होता. तिनं लघवी केली ती काळ्या चहाच्या रंगाची.

जनावरांच्या दवाखान्यातली कामिनी डॉक्टर लगेच आली. तिनं घोडीच्या पुठ्ठ्यावर हात दाबून पाहिला, इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं.

"बांधून होती काय, काकाजी?"

"पट हाये ना. म्हून आराम देल्ला."

"आन खुराक?"

"तो कमी नाई पडू देल्ला," कलाबाई म्हणाल्या.

"तेच झालं. पळताना मांसात जळजळ होते. रोज थोडं थोडं पळणारं जनावर ते सोसाले शिकते. बांधून, चारून एकदम पळवलं त झेपत नाई, मांस आखडते. नांगराचा फाळ पाहा ना. मातीत चालते तोवर चमकते, कोठ्यात ठेवला का गंजते."

"उद्याचा पट?"

"पट इसरा. आज हिले बिलकुल हलवू नका. लघवी साफ झाली का मंग दोर हातात धरून रोज हळूहळू फिरवा. पुन्हा बांधून ठेवाल त घोडी हातची जाईन."

यादोरावांनी हरणीच्या ओल्या मानेवर कपाळ टेकवलं. "म्याच बांधलं तुले," ते म्हणाले आणि सगळ्यांसमोर रडले.

कलाबाई सलाईनची बाटली धरून उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मानसाचंबी असंच असते काय वं?"

कामिनी हसली. "मी ढोरायची डॉक्टर आहो, काकू. मानसायच्या डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

कलाबाईंनी बाटली हेमराजकडे दिली आणि चहा ठेवायला घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी पटाचा भोंगा दिवसभर घरात ऐकू येत होता. गर्दी ओरडली की हरणी कान टवकारायची आणि यादोराव कूस बदलायचे. त्या दिवशी शिरा झाला नाही, नुसती भाकर आणि वरण होतं. यादोरावांनी मुकाट्यानं खाल्लं.

काही दिवसांत हरणीची लघवी साफ झाली, पाय मोकळे झाले. कामिनीनं फोनवर हो म्हटलं. हेमराजनं झाडाचा दोर सोडला तेव्हा कलाबाई म्हणाल्या, "तुई बस निंगून जाईन. जाय तू."

त्या आत गेल्या, तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून पिशवीत गुंडाळलेल्या चपला काढल्या आणि नवऱ्याच्या पायाशी ठेवल्या.

"तलावाच्या पारीपर्यंतच. मी मांगं आहो."

यादोरावांनी चपला घातल्या, दोर हातात घेतला. फाटक उघडं होतं. रस्ता समोर होता. आणि पाय उचलेना. छातीत धडधडत होतं. बांधीतला तो चिखल, ते फिरणारं आभाळ पुन्हा डोळ्यांसमोर आलं. रोज उठून बायकोवर चिडलो, पण कोणी अडवतंय हे बरंच वाटत होतं आपल्याला, हे त्यांना तेव्हा कळलं आणि लाज वाटली. हरणीही एक पाय अधांतरी धरून उभी होती.

"काहून थांबले?"

"तिले भेव लागून राह्यलं," यादोराव म्हणाले.

कलाबाईंनी घोडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मग यादोराव हरणीला करत तसा त्यांनी जिभेनं टक्‌ असा आवाज केला.

"चाल. काई नाई होत. चाल."

कोणाला म्हणाल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. आधी कोणाचा पाय उचलला, हे फक्त त्यांनाच दिसलं.