एका नावावर फुली

चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे लोकांनी लिहिलेलं छापायच्या आधी वाचायचं आणि त्यातल्या चुका काढायच्या. या धंद्यात आधी डोळे जातात आणि मग मित्र जातात. आमच्या भूखंडधारक संघानं मला निवडणूक अधिकारी नेमलं ते या दुसऱ्या गुणामुळे. सचिव म्हणाले, "तुमचं कुणाशीच पटत नाही. तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस मिळायचा कुठून?" शिवाय मला मत नाही. भूखंड आईच्या नावावर आहे आणि घरात मत तिचंच चालतं.

संघात एकेचाळीस भूखंड, प्रत्येकाला एक मत. दर तीन वर्षांनी अध्यक्ष निवडायचा. एरवी ही निवडणूक पाच मिनिटांत उरकते, कारण कुणालाच अध्यक्ष व्हायचं नसतं आणि जो सभेला येत नाही त्याच्या गळ्यात घोंगडं टाकून सगळे घरी जातात. या वेळी मात्र दोघे हट्टाला पेटले होते, आणि त्याला कारण होतं मागची वाट.

ही वाट संघाच्या मोकळ्या भूखंडातून जाते. आमच्या मागच्या फाटकापासून काकूच्या मागच्या दारापर्यंत बेचाळीस पावलं. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. बाबा आणि काका दोघेही गेले, मागे या दोघी राहिल्या. आई ब्याऐंशीची, तिचा उजवा गुडघा वाकत नाही. काकू एकोणऐंशीची, तिला भिंगाशिवाय दिसत नाही. पुढच्या मोठ्या रस्त्यानं जायचं तर अर्धा मैल चढ, वाहनं अंगावर येतात, आणि न वाकणारा गुडघा घेऊन आई गाडीत बसू शकत नाही. म्हणून रोज दुपारी बारा वाजता आई डबा घेते, वॉकर टेकत बेचाळीस पावलं चालते, काकूला जेवायला घालते आणि दोन तास तिच्याशी भांडते. जावा जावा, उभा दावा म्हणतात. आईचा गुडघा गेल्यापासून आमच्याकडचा दावा बसून चालतो, एवढाच फरक. मात्र एकदा आईला ताप आला आणि चार दिवस जाता आलं नाही, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि माझ्याशीसुद्धा भांडेना. तेव्हा मी खरा घाबरलो होतो.

ही वाट बंद करून भिंत घालायची, असं दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं. त्यांच्या दवाखान्याची खिडकी वाटेवर उघडते. खुर्चीत पेशंट तोंड उघडं टाकून बसलेला असतो आणि येणारे-जाणारे डोकावतात. आईच सगळ्यात जास्त. ती नुसती बघत नाही, सल्लाही देते. "काढून टाका तो. ठेवून काय लोणचं घालायचंय?" असं ती एकदा बोलली आणि तो पेशंट खुर्चीतून उठून गेला तो परत आला नाही. डॉक्टरांचा राग अगदीच खोटा होता असं मी म्हणणार नाही.

त्यांच्याविरुद्ध शिट्टीमास्तर उभे राहिले. हे शाळेत कवायत शिकवायचे, निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नाही. वाट उघडी ठेवणार, एवढंच त्यांचं आश्वासन. ते सकाळी याच वाटेवर पळतात.

मतपत्रिकेचा मजकूर सचिवांनी तयार केला आणि तपासायला माझ्याकडे आणला. त्यावर लिहिलं होतं: "मतदारांनी आपल्या पसंतीच्या कोणत्याही एका उमेदवाराचा खून करावा."

"सचिव," मी म्हणालो, "खुणेतला ण कुठला?"

"बाणातला."

"मग इथे नळातला का मारलाय? आणि खूण पुल्लिंगी कधी झाली?"

ते म्हणाले, "आशय पोचतो ना?" म्हटलं, पोचतो, तोच तर प्रश्न आहे. माझं डोकं फिरलं. खूण हा शब्दच नको, म्हणून मी तो काढला. मग वाक्य लांबट वाटलं. जास्तीचे शब्द कापायची मला सवय, कापत कापत मी अखेर लिहिलं: "एका नावावर फुली मारावी." चार शब्द, एकही चूक नाही. स्वतःवर खूश होऊन मी ते छापायला दिलं.

मतदान रविवारी सकाळी संघाच्या खोलीत झालं. पडदा लावून कोपरा केला होता. आई वॉकर घेऊन आली, काकू भिंग घेऊन आली, दोघी एकमेकींकडे न बघता पडद्यामागे जाऊन आल्या आणि पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या. एकेचाळीसच्या एकेचाळीस मतं पडली. असं संघाच्या इतिहासात झालं नव्हतं.

मी चिठ्ठ्या उघडायला लागलो. एका चिठ्ठीवर डॉक्टरांच्या नावावरची फुली इतकी दाबून मारली होती की कागद फाटला होता. असा हात आमच्याच घरात आहे. मी थबकलो. आई डॉक्टरांना मत देईल हे शक्यच नव्हतं. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं त्यांच्यावर फुली मारली होती. मारणारच. नको असलेल्या गोष्टीवर माणूस फुली मारतो.

शेवटी आकडे वाचले. डॉक्टरांच्या नावावर एकवीस फुल्या, मास्तरांच्या नावावर वीस.

डॉक्टर हात जोडत उठले. त्याच क्षणी मास्तरही हात जोडत उठले. दोघांनी एकमेकांचं सांत्वन केलं. मग दोघांच्याही लक्षात आलं.

"फुली म्हणजे बाद," मास्तर म्हणाले. "तीस वर्षं हजेरीपटावर गैरहजर पोरापुढे फुली मारत आलोय. यांच्या नावावर एकवीस फुल्या. एकवीस लोकांना हे गैरहजर हवेत."

डॉक्टर म्हणाले, "काहीतरीच काय. बँकेचा फॉर्म असो की नोकरीचा, चौकटीत फुली म्हणजे निवड."

"बरं. तुमच्याकडे दातांचा तक्ता असतो ना? त्यात एखाद्या दातावर फुली मारलीत, तर त्या दाताचं पुढे काय होतं?"

डॉक्टर म्हणजे सत्यवचनी माणूस, धंद्याबाबत तरी. "काढतो," ते म्हणाले. खोली हसून हसून बेजार झाली.

कुणीतरी फेरनिवडणूक सुचवली. पण दोघेही जिंकलेले असताना फेरनिवडणूक मागणार कोण? मग सचिवांनी एकेकाला विचारून बघू म्हटलं. विचारत गेले, तर एकेचाळीसपैकी पस्तीस जणांनी सांगितलं, जो निवडून येईल त्यालाच आम्ही मत दिलंय. अखेर नियमावली काढली. मजकुराच्या अर्थाविषयी वाद झाल्यास निवडणूक अधिकाऱ्याचा शब्द अखेरचा. सगळे माझ्याकडे वळले.

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "लिहिताना तुमच्या मनात काय होतं, तेवढं सांगा. तुम्ही सांगाल ते मला मान्य."

"मलाही," मास्तर म्हणाले.

माझ्या मनात काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या धंद्यात नको असलेल्या अक्षरावर काट मारतात, फुली नाही. काढणं म्हणजे काट, त्यामुळे फुलीचा अर्थ बाद असाही होतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जे शाळेतल्या पोराला कळतं ते मला कळलं नव्हतं. आता नुसतं "बाद" म्हटलं की वाट वाचत होती. दोन अक्षरांचं काम. ते खोटं आहे हे माझ्याशिवाय कुणालाही कळलं नसतं. समोर आई डबा मांडीवर घेऊन बसली होती, सभा संपली की इथूनच काकूकडे जायचं म्हणून. तिनं मान हलवली, सांग की, अशी.

पण समोरच्या दोघांनी माझ्यावर भरवसा टाकला होता, आणि जन्मभर मी दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरलं होतं. "पसंती," मी म्हणालो. "माझ्या मनात पसंती होती. चूक माझी, निकाल डॉक्टरांचा." इतकं वाईट मला बाबा गेल्यानंतर कधी वाटलं नव्हतं.

मास्तरांनी डॉक्टरांशी हात मिळवला. लोक पांगले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढं खरं बोलायचं होतं तर घरी बोलायचंस." आणि काकूला म्हणाली, "चल. अजून भिंत झाली नाही."

मी दोघींना धरून काकूच्या घरी नेलं. आईनं ताट वाढलं. मग आईच म्हणाली, "मी त्या दातवाल्यावर फुली मारली. चांगली दाबून."

काकूचा घास हातात राहिला. "मीपण त्याच्यावरच मारली, जाऊबाई."

मी हिशेब केला. या दोन फुल्या मास्तरांकडे गेल्या असत्या, तर मास्तर बावीस, डॉक्टर एकोणीस. पन्नास वर्षांत या दोन बायकांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि त्यानंच वाट घालवली होती.

"तुला कुणी सांगितलं होतं त्याच्यावर मारायला?" आई म्हणाली.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

गुरुवारी विटा आल्या. शुक्रवारी दुपारपर्यंत भिंत गुडघ्याएवढी झाली. बरोबर बारा वाजता आई डबा घेऊन निघाली, मी मागोमाग. भिंतीपाशी येऊन ती उभी राहिली. ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला गुडघ्याएवढी भिंत किल्ल्याएवढीच. मी म्हटलं, "दे, मी पोचवतो डबा." ती म्हणाली, "डबा पोचेल रे."

तेवढ्यात पलीकडून आकडे ऐकू आले. काकू पावलं मोजत येत होती, एका हातात काठी, दुसऱ्या हातात गाठोडं. "सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस." काठी विटेला लागली तशी ती थांबली. गवंड्यानं थापी खाली ठेवली, तिला अलगद ओल्या भिंतीवर बसवलं आणि पाय उचलून अलीकडे वळवले. वरच्या विटा सरकल्या. खिडकीत हातमोजे घातलेले डॉक्टर उभे होते. ते गवंड्याला म्हणाले, "राहू दे, त्या विटा नंतर लाव," आणि आत वळले.

आईनं गाठोड्याकडे बघितलं. "किती दिवस?"

"तीन वर्षं," काकू म्हणाली. "पुढच्या निवडणुकीपर्यंत."

"तीन वर्षं जगणार आहेस का?"

"तुम्ही जगणार असाल तर मला राहावंच लागेल, जाऊबाई."

आईनं वॉकरवरचा एक हात काढून काकूच्या खांद्यावर ठेवला, आधाराला म्हणून. मी गाठोडं उचललं आणि दोघींच्या मागून चालू लागलो. फाटकापर्यंत पोचायच्या आत त्यांचं जुंपलं होतं, खिडकीजवळच्या खाटेवर कुणी झोपायचं यावरून. ती खाट माझी होती.