पांढऱ्या कपड्याला खुर्ची

रीताला कॉन्व्हेंट सोडायचं होतं आणि त्याला कोणाचीही हरकत नव्हती. अडचण एवढीच होती की सोडून जायला तिच्याकडे कपडे नव्हते.

नागभीडच्या बाहेर, धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या त्या घरात मुली सिस्टर व्हायला येत. पहिलं वर्ष त्या आपापले सलवार-कुडते घालत. दुसऱ्या वर्षी सगळ्यांना एकसारखा बदामी ड्रेस मिळे आणि आधीचे कपडे गाठोड्यात बांधून, वर नावाची चिठ्ठी टोचून, कोठीत ठेवले जात. तिसऱ्या वर्षी चर्चमध्ये सोहळा होई. मुलगी बदामी ड्रेसमध्ये आत जाई आणि पायघोळ पांढऱ्या झग्यात, डोक्यावर कान झाकणारं पांढरं वस्त्र, म्हणजे वेल, घेऊन बाहेर येई. या झग्याला सिस्टर लोक हॅबिट म्हणत. व्रत घेण्याआधी कोणीही, कधीही घरी परत जाऊ शकत असे. फक्त हॅबिट संस्थेचं असल्यामुळे ते ठेवून जावं लागे. गाठोडी ठेवण्यामागे हाच विचार होता. व्यवस्था चोख होती.

मग वैनगंगेला पूर आला आणि पूरग्रस्तांसाठी कपडे गोळा करण्याचा आदेश निघाला. या मुलींना घडवण्याचं काम सिस्टर लिसम्मांकडे होतं. त्या कोठीत गेल्या आणि नऊ गाठोड्यांसमोर उभं राहून त्यांनी अंदाज बांधला. जी मुलगी टिकणार नाही असं वाटलं तिचं गाठोडं ठेवलं. जी नक्की टिकेल असं वाटलं तिचं पुरात दिलं. सगळ्यांत आधी दिलं रीताचं. दोन वर्षं उलटली. ज्यांची गाठोडी जपून ठेवली त्या सगळ्या अजून तिथंच होत्या आणि सकाळच्या प्रार्थनेत जोरजोरात गात होत्या.

"कोणी काही बोलला का तुला?" लिसम्मांनी विचारलं. त्या केरळातून आल्याला एकतीस वर्षं झाली होती. मराठी त्यांनी सगळी शिकून घेतली होती. कर्ता-क्रियापदाचं जमवणं तेवढं सोडून दिलं होतं.

"नाई सिस्टर."

"मग?"

"सकाळी हॅबिट घालतो तं असं वाटते, का कोणाचं तरी मागून आणलं अन् वापस कराचं राह्यलं."

लिसम्मांनी गुडघा चोळला. "मला पण तसाच वाटायचा. आठ वर्षं. नंतर सवय झाला."

"मले त्याचीच भीती वाटते."

यावर लिसम्मांनी वाद घातला नाही. वाद घालण्याचा त्यांना कंटाळा आला होता, आणि मुलगी खरं बोलते आहे हे त्यांना कळत होतं. त्यांनी तिच्या सोडण्याच्या कागदावर सही केली आणि कोठीची किल्ली काढली. किल्ली काढल्यावर त्यांना पूर आठवला.

पुढचे तीन दिवस कपड्यांवर विचार झाला. मयुरी नावाच्या मुलीनं आपलं गाठोडं देऊ केलं. पण उद्या मयुरी निघाली तर तिला काय द्यायचं, या प्रश्नावर ते अडलं. बदामी ड्रेस पुढच्या मुलींसाठी मोजून ठेवलेले होते. हॅबिट घालून जावं आणि मग पोस्टानं पाठवावं, असं एकीनं सुचवलं. ते कोणाला बरं वाटलं नाही. तीन दिवस रीता हॅबिट घालूनच जेवायला बसत होती आणि समोरच्या तिच्याकडे न बघता भाजी वाढत होत्या.

स्वयंपाक आणि धुणं सांभाळणारी शकुबाई हे सगळं दारातून ऐकत होती.

"बिना कपड्याचं सिस्टर होता येत नाई, अन् बिना कपड्याचं सोडताबी येत नाई," ती म्हणाली. "मोठी अवघड नोकरी हाये बाई तुमची."

शेवटी रीताच्या आईच्या शेजाऱ्यांकडे फोन गेला: रीता घरी येते आहे, तिच्यासाठी एक ड्रेस घेऊन या.

देवकाबाई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. तिचं गाव मार्कंड्याच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठी. मूल या गावी बस बदलून यावं लागतं. घर तिच्या सासऱ्याच्या काळापासून चर्चला जाणारं. घरात आता ती एकटीच होती. नवरा गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात वारला होता. पाहुण्यांच्या खोलीत तिनं पिशवी उघडली. नवीन धानाचे पोहे निघाले, शेंगा निघाल्या, प्लास्टिकच्या फाइलीत जमिनीचे कागद निघाले.

"ड्रेस कुठी हाये?" रीतानं विचारलं.

"नाई आणला."

"विसरली का?"

"विसरून काऊन राह्यली मी? समजूनच नाई आणला." देवकाबाईनं फाइल मांडीवर ठेवली. "उद्या तलाठी साहेबाचा हापिसात बसाचा दिवस हाये. तुह्या बापाची जमीन आपल्या नावानं लागाची हाये अजून. सातबाऱ्यावर नाव नाई तं सरकारी केंद्रावर धान घेत नाई. सव्वा वर्ष झालं चकरा मारून राह्यली. जूनमंदी तू अन् लिसम्मा सिस्टर प्रार्थनेले आल्या, तवा आपण हापिसात गेलो. आठवते का?"

रीताला आठवत होतं. बापाच्या वर्षाची प्रार्थना झाल्यावर तिघी तलाठी कार्यालयात गेल्या होत्या. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पाटी बदलली आहे. पांढरे कपडे दारात दिसताच साहेब उभे राहिले होते. खुर्च्या आल्या, चहा आला. तुमचं प्रोसेसमध्ये आहे, काळजी करू नका सिस्टर, असं साहेब तीनदा म्हणाले होते.

"त्याच्या आधी त्यानं मले कधी बस म्हटलं नोतं," देवकाबाई म्हणाली. "म्हणून म्हणतो, उद्याच्या दिवस अंगावर राहू दे. काम झालं का उतरव. मी काई म्हणत नाई."

"माय, त्यानं खुर्ची मले नोती देली."

"मंग कोणाले देली?"

"कपड्याले देली."

"मंग कपडाच घेऊन चल ना! मी दुसरं काय म्हणून राह्यली?"

रीता हसली नाही. "मी सोडलं, माय. सही झाली. आता हे घालून कोणासमोर गेली तं ते खोटं होते."

"एका दिवसाचं खोटं. तो सव्वा वर्षापासून बोलून राह्यला."

देवकाबाई उठून थेट सिस्टर लिसम्मांकडे गेली. "सिस्टरबाई, लग्नात नवरदेवाचा कोट भाड्यानं भेटते. तसं एक दिवसाचं द्या."

लिसम्मांनी चष्मा काढून पुसला. संस्थेच्या नियमांत या मागणीला उत्तर नव्हतं, कारण ती कोणी करेल असं नियम लिहिणाऱ्यांना वाटलंच नव्हतं.

"हा कपडा घातला की लोक खुर्ची देतात, खरं आहे," त्या म्हणाल्या. "मी एकतीस वर्षं बसला. पण तिला नाही म्हणायचं असेल तर मी कसा देऊ?"

"तिले काय समजते?"

"ती पहिली आहे, माझ्याकडे येऊन खरं बोलला. बाकी सगळे गातात."

देवकाबाईला यातलं काही पटलं नाही. ती पाहुण्यांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी शकुबाई आपली पोपटी साडी आणि सुनेचं ब्लाउज घेऊन आली. ब्लाउज दोन्ही खांद्यांवरून उतरत होतं. तिथं पिना लावल्या. रीतानं हॅबिटची घडी घातली, वर वेल ठेवला आणि ते लिसम्मांच्या हातात दिलं. त्यांनी सवयीनं कॉलर पाहिली, एक डाग दिसला, तो घडीच्या आत दुमडला.

"पोपट दिसून राह्यली," शकुबाई निऱ्या खोचत म्हणाली. "साडी वापस नोको आणू. नाईतर तीबी गाठोड्यात ठेवतीन हे लोक."

दोघी निघाल्या. वर्षभरानंतर रीताच्या कानांना वारा लागत होता आणि कान कुठं ठेवावेत हे तिला कळेना. बसमध्ये जागा नव्हती. पूर्वी या बसमध्ये माणसं उठून "बसा सिस्टर" म्हणायची. आज एक माणूस उठला. त्याला उतरायचं होतं. ती जागा देवकाबाईनं घेतली.

"पाह्य," ती खिडकीकडे बघत म्हणाली, "राह्य आता उभी." मूलपर्यंत ती एवढंच बोलली. मूलच्या पुढं तेवढंही बोलली नाही.

कार्यालयात पोचायला बारा वाजले. टेबलासमोर सात माणसं उभी होती. साहेब आले, गेले, पुन्हा आले. दीड वाजता सर्व्हर गेला. तो आल्यावर साहेब जेवायला गेले. रीताला पिना टोचत होत्या. देवकाबाई जमिनीवर बसली होती आणि दर थोड्या वेळानं लेकीच्या साडीकडे असं बघत होती, जणू सर्व्हर तिच्यामुळेच गेला होता.

साडेतीनला नंबर लागला.

"काय हो बाई? लवकर बोला," साहेब मान वर न करता म्हणाले.

रीतानं बापाचं नाव सांगितलं. साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग रजिस्टरमध्ये.

"अर्जच नोंदवलेला नाही."

"प्रोसेसमंदी हाये म्हणाले होते तुम्ही."

"मी? कोणाला?"

"जूनमंदी. सिस्टर आल्या होत्या दोन."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. चेहऱ्यावर थोडा आदर येऊन गेला. "हां, हां. कॉन्व्हेंटच्या सिस्टर. आता अशा लोकांना तोंडावर नाही कसं म्हणायचं, बाई? चहा पाजला, बरं वाटेल असं बोललो." त्यांनी रीताकडे पाहिलं. "तुम्ही कोण त्यांच्या?"

"ओळखीची."

"मग सांगा त्यांना, असं नुसतं येऊन बसून होत नाही. मृत्यूचा दाखला लागतो. तो कुठाय? त्याशिवाय मी अर्ज घेतच नाही. पाटी लावली आहे बाहेर. वाचत नाही कोणी."

देवकाबाई उठली. तिनं फाइल टेबलावर ठेवली. मृत्यूचा दाखला वरूनच दुसरा होता.

"हा तं तवाबी होता," ती म्हणाली. "जूनमंदी. फाइल इथीच होती, याच टेबलावर. त्याच्यावर चहाचा कप ठेवला होता तुम्ही."

"तेव्हा दाखवायचा ना."

"तुम्ही विचारलं नाई. तवा नुसतं काळजी करू नोका म्हणून राह्यले होते."

साहेबांनी दाखला उलटसुलट करून पाहिला. मागं अजून चार माणसं उभी होती. वैतागून त्यांनी कोरा फॉर्म ओढला आणि लिहायला लागले. नोंद घातली की पंधरा दिवस हरकतीसाठी, मग मंजुरी. केंद्राच्या नोंदणीआधी होईल बहुतेक, असं ते फॉर्मलाच सांगत होते. देवकाबाई वाकून पेन कुठं चाललं आहे ते बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण सव्वा वर्षात तिच्या कामासाठी पेन चालताना ती पहिल्यांदाच बघत होती.

"वारस किती?"

"दोन. मी अन् पोरगी."

"मुलीचं नाव?"

"रीता."

"लग्न झालं?"

"नाई."

"राहते कुठं?"

देवकाबाई वाकलेली सरळ झाली. जूनपासून गावभर तिनं सांगितलं होतं की पोरगी आता देवाघरची झाली, तिचं घर तिकडंच. विहिरीवर, पिठाच्या गिरणीवर, धान रोवताना, सगळीकडे सांगितलं होतं. आता तेच लोक विचारणार होते, आणि पहिल्यांदा विचारणारा हा निघाला.  रीताच्या खांद्यावरची पिन सुटली होती आणि ती एका हातानं ब्लाउज धरून उभी होती.

"बाई, पत्ता सांगा. मागं लोक आहेत."

देवकाबाईनं लेकीकडे पाहिलं. मग पदर सारखा करायच्या निमित्तानं सुटलेली पिन लावून दिली, जरा जोरातच.

"घरी," ती म्हणाली. "माह्यापाशी राह्यते. लिवा."