दादाचा टाका

दादाच्या शिवणाच्या दुकानात त्याच्या धाकट्या बहिणीचं, धाकटीचं, काम उसवायचं. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं की दादाने घातलेले टाके ही काढणार. बाई अशी चौकस, की साधी गाठ दिसली तरी ती कुणी आणि का मारली हे कळल्याशिवाय तिला चैन पडायची नाही.

दारूपायी दादा दोनदा इस्पितळात राहून आला होता. घरात सगळ्यांचं एकच पालुपद, "पितो म्हणून डोकं फिरतं." वहिनीने तर निक्षून सांगितलं होतं, पुन्हा एकदा जरी घेतलीत तरी लेकीला घेऊन मी चालले.

एकदा दादानेच शिवलेले तीन जुने कोट उसवायला आले. दोन कोटांचे टाके लांबच लांब, तिसऱ्याचे इतके बारीक की सुई शिरेना. असं का बरं? धाकटीने मापाची वही काढून तारखा ताडून पाहिल्या आणि ते दिवस एकेक करून आठवले. लांब टाक्यांच्या दिवसांत दादा झोपतच नव्हता, गाणी म्हणत ढीगभर कपडे शिवत होता. बारीक टाक्यांच्या दिवसांत तोंडातून शब्द फुटत नव्हता. आणि बाटली? ती दर वेळी पंधरा दिवस मागाहून आली होती.

"अगं बाई! आणि मी काय करत बसले?" टाका बदलला की मशीन बिघडलं समजून ती आपली गुपचूप टाक्याची लांबी ठरवणारी चकती फिरवून ठेवायची.

वही डॉक्टरीणबाईंपुढे गेली. त्यांनी खोदून खोदून विचारलं. "मनाचा आजार आधीचा आहे," त्या म्हणाल्या. "दारू हे यांनी स्वतःच शोधलेलं औषध. आता तोही आजार झालाय. दोन्हींवर एकदमच उपचार करू."

दादा ढसाढसा रडला. "मला वाटायचं, मी मुळातच नालायक."

वर्ष बरं गेलं. आज सकाळी एका बाहीवर टाके लांब दिसले. धाकटीचा हात सवयीने चकतीकडे गेला, पण तिने तो आवरला आणि बाही दादापुढे ठेवली.

"दादा, टाका बघ."

"मशीन बिघडलंय!" दादा खेकसला.

"मशीन ठणठणीत आहे."

दादा बाहीवरून अंगठा फिरवत राहिला, बराच वेळ. मग त्याने कात्री ठेवली आणि चपला पायात सरकवल्या.

"वहिनीला काय सांगू?" धाकटीने भीत भीत विचारलं.

"सांग, अजून घेतलेली नाही. म्हणूनच डॉक्टरांकडे निघालोय."