मचाणावरचा डबा

टण.

करिष्माने पळीने झाकण वाजवलं आणि आम्ही दोघी कान देऊन बसलो. त्या दिवसांत गावात कुत्रंही भुंकत नव्हतं. मग शेताकडून उत्तर आलं. टण, टण.

"आत्या," करिष्मा हसली.

मंगलीताई माझी नणंद. मिरची तोडायला तेलंगणात गेली होती. टाळेबंदी लागली तशी जंगलातून चालत परतली, अंगात ताप घेऊन. गावाने वाटेवर फांद्या आडव्या टाकल्या आणि तिला शेतातल्या मचाणावर ठेवलं. करिष्माचे बाबा राजुऱ्यात कामावर अडकलेले. मी फांद्यांपाशी पेज ठेवायची, मागून ती येऊन न्यायची. दिवेलागणीला रानडुकरं हाकलायचा डबा वाजला, की समजायचं, बाई जिवंत आहे. त्या आवाजाने सगळ्यांनाच बरं वाटायचं. कोणाला जाऊन पाहावं लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवशीची पेज तशीच होती. वर मुंग्या.

"डबा वाजला ना काल?" शेजारचे सुकलूभाऊ ओट्यावरूनच म्हणाले. "मंग काऊन घाबरून राह्यली? तिकडचं खाऊन आली ते, आता आपली पेज कायले गोड लागते तिले."

"पाहून येतो, भाऊ," मी म्हटलं.

"गेली तं तूही तिकडंच राह्यशीन. लेकराचा इचार कर."

लेकराला दारात बसवलं, तोंडाला पदर बांधला आणि फांद्या ओलांडल्या.

मचाणाखाली डबा पालथा पडला होता. शेजारी तो वाजवायची काडी. तिच्यावर वाळवीची माती चढून सुकलेली.

वर मंगलीताई, ओठ फुटलेले. पाणी पाजलं तेव्हा डोळे उघडले.

"डबा तं कधीचाच पडला, वयनी. वाजवाले हातच उचलत नोता. काल तं उतरताही नाई आलं. तुमचं झाकण आयकत पडलो होतो."

तिला खांद्यावर टेकवून आणलं, गोठ्यात निजवलं. कोणी अडवलं नाही. दारं लागत गेली. दिवसभर चमच्याने पेज पाजली. अंगाची आग थोडी उतरली.

दिवे लागले. झाकण कोणीच वाजवलं नाही.

शेताकडून आलं. टण, टण.

सुकलूभाऊ ओट्यावरून उठले. गोठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन त्यांनी कडी लावली.

करिष्माने आपली वाटी हाताने झाकली.

"आई, आत्या तं इथी हाये. मंग तिथी जो हाये, त्याले पेज कोण देते?"