चिमणीचा पान्हा

आकाराम रिटायर झाला आणि धोंडुबाईच्या गोठ्यात घड्याळ आलं.

ते त्याला निरोपाच्या कार्यक्रमात मिळालं होतं, शाल-नारळाबरोबर. सारी नोकरी त्यानं कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर, कंट्रोलरच्या खोलीत माईकपुढं काढली. गारगोटी कुठल्या फलाटाला लागली, गडहिंग्लज का लेट आहे, सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडायचं. आवाज असा, की बाकावर घोरणारा माणूस दचकून उठायचा आणि आधी आपली पिशवी चाचपायचा. एवढा मोठा कारभार एका संध्याकाळी संपला. बावड्यातल्या घरी येऊन तो बसला, उठला, परत बसला. पोरगा पुण्याला, शेत वाट्यानं दिलेलं. उरली बायको आणि तिची म्हैस. मग गड्यानं त्या दोघींनाच वेळापत्रकाला लावायला घेतलं.

म्हशीचं नाव चिमणी. गोठ्याच्या दारातून आत येताना तिला अंग चोरावं लागायचं एवढी ती दांडगी. पण नाव धोंडुबाईनं ठेवलेलं, तेव्हा त्यावर बोलायची सोय नव्हती. चिमणीचं रेडकू जन्मल्या आठवड्यातच गेलं होतं. तेव्हापासून ती फक्त धोंडुबाईच्या हाताला पान्हा सोडायची. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की लाथ झाडायची, नाहीतर दूध चोरून ढिम्म उभी राहायची.

"अजून धार काढली न्हाईस? घड्याळ बघ की!" आकाराम दारातून ओरडायचा. आतली कुजबूज तेवढ्यात थांबायची. धोंडुबाई धार काढताना पुटपुटत असायची, काहीतरी भजनबिजन म्हणत असेल असं त्याला वाटायचं.

"आवं, म्हैस हाय ती."

"येळ म्हंजे येळ!"

"मग मारा डबल बेल आन् सोडा हिला गारगोटीला."

पेंडीचं पिंप त्यानं सोप्यात आणलं, तिनं परत गोठ्यात नेलं. त्यानं भांड्यांची मांडणी बदलली, तिनं ती मोडली. दिवसभर हेच. शेवटी शेजारच्या झुंबरबाईच्या पायरीवर ती जास्त दिसू लागली. एकदा तिथं ती पोट धरून हसताना त्यानं पाहिली. तो जवळ गेला आणि दोघींचं हसणं बंद पडलं. हे त्याला फार लागलं. आपल्याच घरात आपण परक्या गावची गाडी पकडायला आल्यासारखे ताटकळतोय, असं त्याला वाटायला लागलं.

सुरुवातीला तो रोज स्टँडवर चक्कर मारून यायचा. एक दिवस तो लवकर परतला आणि त्यानंतर त्यानं स्टँडचं नाव काढलं नाही. धोंडुबाईनं विचारलं तर म्हणाला, "पाय दुखत्यात."

अशात मुरगूडहून धोंडुबाईच्या बहिणीच्या लेकीच्या लग्नाचं बोलावणं आलं. तिला हळदीपासून जाणं भाग होतं. तिनं झुंबरबाईला सांगून ठेवलं, "दोनी वक्ताला येऊन धार काढ. माझी हिरवी साडी खुंटीला हाय, ती नेसूनच बस. न्हाईतर चिमणी जवळ येऊ द्यायची न्हाय."

आकाराम हसला. "म्हशीला साडी कळती व्हय? मी काढतो की धार. त्यात काय मोठं?"

"हात लावू नगासा," धोंडुबाई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बदलला. "दूध कासंत ऱ्हायलं तर म्हैस बिघडंल. माझ्या चिमणीला काय झालं तर मी मुरगुडातच ऱ्हातो बगा. येत न्हाय परत."

ती गेली. संध्याकाळी झुंबरबाई साडीला हात घालतेय तोच आकारामनं तिला परत पाठवलं. "मी हाय की घरात!" ती फणकारली. "मग मी तरी हितं कशाला थांबू? शाहूवाडीला भावाकडं जाऊन येतो," म्हणाली आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलीसुद्धा.

पहिल्याच धारेला चिमणीनं लाथ झाडली. बादली एकीकडं, आकाराम एकीकडं. सकाळीही तेच. त्यानं दटावलं, चुचकारलं, दुप्पट पेंड घातली. पेंड तिनं खाल्ली, दूध दिलं नाही. दुपारी गल्लीतला बाळासो आला. तो चार म्हशींचा मालक, पण त्यालाही लाथ बसली. कासेवर लांबूनच हात फिरवून तो म्हणाला, "आण्णा, दगड झालीया की ओ. सांजच्याला रिकामी झाली न्हाय तर दुखणं धरंल. कासेचा एखादा सड गेलाच समजा. इंजेक्शन आणू का?"

"नगो. धोंडुबाई जीव घेईल माझा."

"मग नेसा वैनीची साडी," बाळासो हसत म्हणाला आणि निघून गेला.

आकाराम ओसरीवर बसला. उठला. अंगणात गेला, परत आला. आत चिमणी पाय बदलत कण्हत होती. आपण किती मूर्खपणा केला हे त्याला आता पुरतं कळलं होतं. म्हैस बिघडली तर बायको म्हणाली तशी मुरगुडातच राहील; आली तरी म्हशीसाठी येईल, त्याच्यासाठी नाही.

दिवस कलायला लागला तसं त्यानं पुढचं दार लावून घेतलं. खुंटीवरची हिरवी साडी काढली. शेणाचा, पेंडीचा, धोंडुबाईच्या अंगाचा वास तिला होता. विजारीवरूनच त्यानं ती कशीबशी गुंडाळली, मिशांवरून पदर ओढला आणि बादली घेऊन खाली बसला.

चिमणीनं मान वळवून पदर हुंगला. पाय हलवला नाही.

"हां! हो सरळ, हो!" त्याच्या तोंडून स्टँडचा आवाज निघाला आणि ती थरारून बाजूला झाली.

त्यानं जीभ चावली. आवाज अगदी खाली आणून एक अभंग म्हणून पाहिला. चिमणी ढिम्म. धोंडी रोज हिच्याशी काय पुटपुटत असेल? इतक्या वर्षांत त्यानं कधी कान दिला नव्हता. त्याचे हात दुखायला लागले, कंबर भरली. डोकं त्यानं तिच्या कुशीला टेकवलं आणि तसाच बोलायला लागला, कुणाला ऐकू जाईल याचं भान न ठेवता.

"स्टँडवर गेलतो, चिमणे. माझ्या खुर्चीवर नवा कंट्रोलर बसलाय. खिडकीतनं वाकून बघितलं, तर मला म्हणतोय, पावणं, चौकशी तिकडं, बाजूला व्हा. पावणं! मला! त्याच माईकवर मी जलम काढला गं. कुणी वळखलं न्हाय. मग परत गेलोच न्हाय. धोंडीला म्हणालो पाय दुखत्यात. पायाला काय धाड भरलीया? घरात आलो तर हितंबी मी पावणाच. कुठं बसू तेबी कळंना झालंय…"

हाताखालची कास सैल झाली होती. धार बादलीच्या बुडावर वाजली, मग दुसरी, मग दूध भरभरून यायला लागलं. तो रडत होता आणि धार काढत होता, आणि डोळे पुसायला पदर बरा पडत होता.

"पदर खोचा त्यो. शेणात लोळतोय."

मागच्या दारात धोंडुबाई उभी होती. हातात पिशवी, कपाळाला हळद. आकाराम दचकला, पण उठला नाही. आत्ता कुणी मधेच धार मोडली असती तर त्यानं त्याला मारलंच असतं.

"तू कवा आलीस?"

"झुंबरीनं फोन केलता. तुमी तिला घालीवलंसा म्हणून. हळद लावली आन् गाडीत बसलो." ती जवळ आली. हसेल असं त्याला वाटलं होतं, पण ती हसली नाही. "स्टँडवरचं मला का न्हाय सांगितलंसा?"

"तू तरी मला कुठं काय सांगतीस? समदं हिच्याशी बोलतीस. मी आलो की गप."

"आदी तुमच्यासाठीच ठेवत व्हतो की सगळं सांगायचं. तुमी ड्युटीवर. आलासा की झोपायचासा. मग कुणाशी बोलू?" ती म्हणाली. "मग हिच्याशी बोलाय लागलो."

तो उठून बादली तिच्याकडं द्यायला लागला. तिनं त्याचा खांदा दाबून खाली बसवलं. "बसा. एक सड ऱ्हायलाय. मधी हात बदलला तर चोरंल ती."

ती चिमणीच्या तोंडाशी गेली, गळ्याखाली खाजवू लागली. आणि नवऱ्याकडं न बघता, त्याला रोज दारापलीकडून ऐकू यायचा त्याच आवाजात बोलायला लागली.

"चिमणे, हळदीत बायका इचारत व्हत्या, मालक घरात असत्यात आता, बरं असंल न्हवं? लई कटकट म्हणालो. खरं काय ते तुलाच सांगतो. इतकी वरसं मी ह्येंच्या रिटायर व्हायची वाट बघितली बघ. आन् घरी आलं ते नुसतं घड्याळ."

आकारामचे हात क्षणभर थांबले. चिमणीनं कान हलवला. त्यानं पदर कमरेला घट्ट खोचला आणि शेवटचा सड हातात घेतला.

"पुढं सांग की," तो म्हणाला, म्हैस बिचकणार नाही एवढ्याच आवाजात.